तोरण, निशाण आणि कात्री

नवा इतिहासपट लागला की आठवडाभरात एक तक्रार हटकून कानावर येते. पूर्वी शिवाजी महाराजांवरचे सिनेमे लोक भक्तिभावानं बघायचे आणि निवांत घरी यायचे. आता त्यात राजकारण घुसलंय. भोरच्या एसटी स्टँडसमोर चहा पितापिता कुणीतरी हे म्हणतं, पुण्याच्या परिसंवादात व्यासपीठावरून कुणी म्हणतं, परीक्षणांतही ते वेगवेगळ्या शब्दांत भेटतं. म्हणणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. त्याला भांडणं नको असतात. पण हे म्हणणं खरं नाही, आणि भोर-वेल्ह्याच्या मातीत उभं राहून ते म्हणणं तर फारच अन्यायाचं आहे. महाराजांवरच्या ज्या मूकपटाचं नावच सरकारला सोसलं नाही, त्या नावाची नाळ वेल्ह्याच्या गडाशी जुळलेली होती.

१९३० साल. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात निघून जेमतेम वर्ष झालं होतं. व्ही. शांताराम यांनी महाराजांवर मूकपट काढला, महाराजांची भूमिका स्वतः केली आणि नाव ठेवलं 'स्वराज्याचे तोरण'. हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकत आल्या, की महाराजांनी तोरणा घेतला आणि स्वराज्याचं तोरण बांधलं. दसऱ्याला दारावर आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण चढतं, तसं ते. शुभकार्याची सुरुवात. वेल्ह्यातून बिनी दरवाजाची उभी वाट चढून मेंगाईच्या देवळाशी टेकलेल्या माणसाला या शब्दातली चढणही कळते.

मुंबईच्या सेन्सॉर बोर्डालाही तो शब्द कळला. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली १९२०मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथं बोर्डं बसली होती आणि मुंबईच्या बोर्डाचा अध्यक्ष पोलीस कमिशनर असे. म्हणजे सिनेमा हा मुळात पोलिसांच्या अखत्यारीतला विषय. बोर्डानं 'स्वराज्य' हा शब्द नावातून काढायला लावला. गडावर निशाण फडकतं त्या शेवटच्या प्रसंगावरही कात्री चालवली. सिनेमा 'उदयकाल' या नावानं लोकांपुढे आला. सूर्य उगवतो, एवढंच त्या नावात उरलं.

सरकार उगाच बिथरलं नव्हतं, हे त्या वर्षाचं कॅलेंडर उघडलं की दिसतं. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं गेलं. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि तिथं तिरंगा हातात धरणं हा तुरुंगात जाण्याचा गुन्हा ठरला. पुढच्या जानेवारीत मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं गेलं. रस्त्यावर निशाणासाठी माणसं तुरुंगात जात असताना पडद्यावर, थिएटरच्या अंधारात, शेकडो माणसांसमोर मराठ्यांचं निशाण गडावर चढताना दाखवायचं, ही साधी करमणूक होती असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? प्रेक्षकाला त्यात सोलापूर दिसत होतं. बोर्डालाही तेच दिसत होतं. दोघांचं वाचन एकच होतं, फक्त बाजू वेगळ्या होत्या.

आणि खुद्द तोरणा तेव्हा कुठं होता? तो ब्रिटिश मुलखात नव्हताच. तो भोर संस्थानात होता. पंतसचिवांच्या या संस्थानाचे पाच तालुके होते आणि त्यांची नावंही किल्ल्यांवरून: प्रचंडगड, राजगड, पवनमावळ, सुधागड, विचित्रगड. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. शंकराजी नारायण सचिवांच्या वंशजांकडे हे गड होते आणि वंशज इंग्रजांच्या छत्राखाली होते. ज्या डोंगरावर स्वराज्याचं तोरण बांधलं गेलं तो डोंगर एका मांडलिक राजाच्या हद्दीत, आणि त्या तोरणाची गोष्ट सांगणारा सिनेमा पोलीस कमिशनरच्या टेबलावर. गोष्टीत जे राजकारण होतं ते कुणा दिग्दर्शकानं बाहेरून आणून चिकटवलेलं नव्हतं. डोंगर, हद्द आणि शब्द, तिन्ही जागी ते आधीच होतं.

यावर उत्तर येतं, की ही तर एका घाबरट परक्या सरकारची गोष्ट झाली. शांतारामांना चांगला सिनेमा काढायचा होता; राजकारण सरकारनं त्यात पाहिलं. हा बचाव दिसायला आदराचा वाटतो, पण त्यानं त्या माणसांचं मोठेपण हिरावलं जातं. टिळकांनी घराघरात पोचवलेला 'स्वराज्य' हा शब्द १९३०मध्ये सिनेमाच्या नावात चुकून येत नाही. भालजी पेंढारकरांनी तर चार वर्षं आधीच, १९२६मध्ये, 'वंदे मातरम् आश्रम' काढून इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका केली होती आणि सेन्सॉरचा मार खाल्ला होता. शांतारामांनी १९३५मध्ये संत एकनाथांवर सिनेमा काढला तेव्हा त्याचं नाव 'महात्मा' होतं. तेही बोर्डाला चाललं नाही आणि 'धर्मात्मा' करावं लागलं. बालगंधर्वांनी साकारलेले एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात आणि सिनेमाचं नाव असतं 'महात्मा': गांधीजींच्या येरवड्यातल्या उपोषणाला आणि पुणे कराराला तेव्हा तीन वर्षं झाली होती. संतपट म्हणजे निव्वळ टाळ-मृदंग, असं समजणाऱ्यानं हे नाव बदलण्याचं कारण आधी सांगावं. त्या लोकांनी जाणूनबुजून जोखीम घेतली. पैसा अडकवून घेतली. त्यांना भाबडे कलावंत ठरवणं हा त्यांचा सन्मान नव्हे.

टिळकांचं नाव निघालं आहे तर भोरच्या एका गावाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भोर तालुक्यातलं कारी, कान्होजी जेध्यांचं गाव. तिथल्या जेधे देशमुखांच्या घरातून टिळकांच्या हाती एक जुनी शकावली आली. टिळकांनी ती १९१६मध्ये प्रसिद्ध केली. महाराजांचा जन्म १६२७चा की १६३०चा, या वादात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद घेऊन ती उभी राहिली, आणि राज्य सरकार आज १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करतं त्याच्या मुळाशी हा कारीचा कागद आहे. याच टिळकांनी दादासाहेब फाळक्यांच्या धंद्याला भांडवल उभं राहावं म्हणून मुंबईच्या धनिकांकडे खटपट केली होती. एका हाताला मावळातल्या घरातलं दप्तर आणि दुसऱ्या हाताला फाळक्यांचा कॅमेरा. महाराजांचा इतिहास, सिनेमा आणि स्वराज्याचं राजकारण एकाच माणसाच्या खटाटोपात असे एकत्र आलेले आहेत, आणि तेही पहिला बोलपट निघण्याच्या कितीतरी आधी.

आता 'पूर्वी'चा दुसरा भाग. गुंता परक्या सरकारपुरताच होता, स्वातंत्र्य आलं आणि सिनेमा शांत झाला, असं कुणाला वाटत असेल तर १९४८ आठवावं. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटली आणि कोल्हापुरात भालजींचा स्टुडिओही पेटवला गेला. त्यांचा 'मीठभाकर' हा सिनेमा त्या आगीत गेला आणि भालजींना तो पुन्हा काढावा लागला. पुढच्या काही आठवड्यांत, ८ मार्च १९४८ला, भोर संस्थान विलीन झालं. एका हंगामात एक राज्य कागदावर संपलं आणि एक स्टुडिओ राखेत गेला. त्याच भालजींनी १९५२मध्ये 'छत्रपती शिवाजी' काढला, चंद्रकांत महाराजांच्या भूमिकेत. स्टुडिओ जळलेल्या माणसानं त्याच महाराष्ट्रापुढे महाराजांना पुन्हा उभं केलं, यातली तडफड ज्याला निव्वळ पोशाखी वाटते त्यानं तो सिनेमा पुन्हा एकदा बघावा.

१९७५ ते १९७९ या काळावर फार रेंगाळायचं कारण नाही; तो सगळ्यांना पाठ आहे. 'सामना'त तेंडुलकर आणि जब्बार पटेलांनी सहकारातला सत्ताधीश उभा केला, नेमका आणीबाणीच्या वर्षी. 'सिंहासन' अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून आला तेव्हा मंत्रालयातली खुर्ची पडद्यावर जशी दिसली तशी ती वर्तमानपत्रांतही दिसत नव्हती. एवढंच नोंदवून ठेवायचं, की 'सामना'तला निळू फुल्यांचा हिंदुराव ऊसपट्ट्यातल्या गावांना नवा नव्हता. त्यांनी त्याला ओळखलं, आणि पुढच्या कैक निवडणुकांत पुढाऱ्याचं वर्णन करताना त्याची आठवण काढली. सिनेमानं राजकारणाला दिलेलं हे नाव अजून टिकून आहे.

खरा वाद आजचा आहे. तिथं 'राजकारण नको' म्हणणाऱ्यांची दोन वाक्यं असतात. पहिलं: सिनेमानं काही होत नाही, लोक बघतात आणि विसरतात. दुसरं: आता लोकशाही आहे, कात्री कुठं राहिली?

पहिल्याचं उत्तर विधानसभेच्या कामकाजात आहे. १४ फेब्रुवारी २०२५ला संभाजी महाराजांवरचा 'छावा' लागला. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून हिंसाचार झाला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहातच सांगितलं, की 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना उफाळून आल्या आहेत. मुख्यमंत्र्यांचं निदान पूर्ण आहे का, यावर वेगळा लेख होईल. दंगलीला एकटा सिनेमा जबाबदार असतो असं मानणं सोपं आणि सोयीचं असतं. पण राज्याचा प्रमुख कायदा-सुव्यवस्थेच्या निवेदनात सिनेमाचं नाव घेतो, तेव्हा सिनेमा म्हणजे तीन तासांची गंमत हे म्हणणं निकालात निघतं. सरकारला हे आजच कळलेलं नाही. बाबुराव पेंटरांच्या १९२३च्या 'सिंहगड'ला इतकी गर्दी लोटली, की त्यावरूनच मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली असं सांगतात; त्याच वर्षी मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला हे मात्र नक्की. २०२०मध्ये तोच गड, तोच तानाजी घेऊन 'तान्हाजी' आला आणि महाराष्ट्र सरकारनं तो करमुक्त केला. तानाजी ज्या राजगडावरून मोहिमेवर निघाला, तिथून सिंहगड दिसतो. गड जिथल्या तिथं आहे. शंभर वर्षांत सरकारचा हात तेवढा उलटा फिरला: तेव्हा तिजोरी भरायला पुढे आला, आता पाठ थोपटायला. दोन्ही वेळा सरकारला सिनेमाची ताकद अचूक कळली होती.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर जास्त बोचरं आहे, आणि ते भोरशी जवळून जोडलेलं आहे.

'छावा'चा ट्रेलर जानेवारी २०२५मध्ये आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. गदारोळ झाला. मंत्र्यांनी आक्षेप घेतले, जाणकारांना दाखवल्याशिवाय सिनेमा लावू नका असं बजावलं गेलं. लेझीम आपलाच पारंपरिक खेळ आहे, असं दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी सांगून पाहिलं. मग राज ठाकरे यांची भेट घेतल्यावर त्यांनी जाहीर केलं, की तो प्रसंग काढून टाकतो. तो गेला.

आता भोर-वेल्ह्याकडे या. गावच्या जत्रेत संध्याकाळी ढोल-ताशा लागतो, आणि शाळेतून नुकती सुटलेली पोरं लेझीम घेऊन दोन ओळींत उभी राहतात. एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. दांडा पुढे गेला की साखळीतल्या चकत्या एकदम छनकतात, मागे आला की थांबतात. चार पावलं पुढे, खाली वाकायचं, उठायचं, गिरकी. ज्याचं पाऊल चुकतं त्याला शेजारचा कोपरानं ढोसतो. भातलावणीनं वाकलेल्या पाठी या खेळात ताठ होतात. संभाजी महाराजांची आई सईबाई राजगडावर गेल्या, त्यांची समाधी पायथ्याच्या पाल गावात आहे. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या. ज्या मुलखानं पोराला दूध पाजलं, त्या मुलखाचा खेळ त्या पोराच्या हातात शोभत नाही, हे ठरवलं कुणी? सतराव्या शतकात लेझीम अशीच होती का, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा. पण तो कागदपत्रांनी विचारायचा असतो. इथं प्रसंग गेला तो कुणी कागद दाखवला म्हणून नव्हे. दबाव वाढला आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती म्हणून.

त्याआधी २०२२मध्ये 'हर हर महादेव' या सिनेमाचं प्रकरण झालं, ते तर थेट भोर तालुक्याच्या अंगणातलं. बाजीप्रभू देशपांडे शिंदचे, बांदल हिरडस मावळाचे, जेधे कारीचे. पावनखिंडीनंतर कान्होजी जेध्यांनी मानाचं पहिलं पान बांदलांकडे दिलं, ही गोष्ट या भागात आजही अभिमानानं सांगितली जाते. सिनेमातलं चित्रण पाहून जेधे-बांदलांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला. पण बातम्यांत गाजलं ते दुसरंच. सिनेमात निवेदनाचा आवाज एका पक्षाच्या अध्यक्षांचा होता, तर ठाण्यातल्या मॉलमधला खेळ बंद पाडला दुसऱ्या पक्षाच्या जितेंद्र आव्हाडांनी. त्यांना अटक झाली, जामीन झाला, मथळे झाले. ज्यांच्या पूर्वजांची गोष्ट होती त्यांचं म्हणणं या धुरळ्यात बाजूला पडलं. बांदलांच्या सैन्यानं खिंडीत काय सोसलं, जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं म्हणजे घरात काय घडलं असेल, हे समजून घ्यायला पडद्यावरच्यांना वेळ नव्हता आणि पडद्यासमोर घोषणा देणाऱ्यांनाही नव्हता.

म्हणून 'राजकारण नको' ही मागणी चुकीच्या दारावर धडका देते आहे. राजकारण होतं आणि राहणार. कुणाचं राजकारण, आणि कुणाविरुद्ध, एवढंच विचारण्यासारखं आहे. १९३०मध्ये सिनेमा सत्तेकडे बोट दाखवत होता आणि सत्ता त्याचं बोट कापत होती. आज बरेच इतिहासपट सत्तेच्या शेजारी बसून फोटो काढतात, आणि ज्याचा फोटो काढायचा राहतो तो पक्ष खेळ बंद पाडायला निघतो. या दोहोंमध्ये मावळा फक्त गर्दीत उरतो. भोरच्या राजवाड्याच्या चौकात, त्या लाकडी खांबांमध्ये, किती सिनेमे आणि मालिका चित्रित झाल्या. आसपासच्या गावांतली माणसं रोजावर येतात, डोक्याला मुंडासं बांधून, हातात लाकडी भाला धरून दिवसभर उन्हात उभी राहतात. कॅमेरा त्यांच्यावरून सरकतो आणि नायकावर थांबतो. त्यांच्यातल्या कुणाचं आडनाव बांदल असेल, कुणाचं जेधे. गोष्ट त्यांच्या घरची. संवाद मात्र एकही नाही.

'राजकारण नको'वाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे, ती कबूल करायला हवी. पुढारी सिनेमाला ओढून आपल्या दारात नेतात, त्यानं सिनेमाचं नुकसान होतं. सिनेमा काढणारा घाबरतो. तो आधीच विचार करतो, की कुणाला हे आवडणार नाही, आणि लिहितानाच प्रसंग खोडतो. पण यावर इलाज सिनेमा पुचाट करण्याचा नाही. दबाव उघड्यावर आणण्याचा आहे.

इथं १९३० आणि २०२५मधला एक फरक फार महत्त्वाचा ठरतो. पोलीस कमिशनरच्या बोर्डाची कात्री जुलमी होती, पण ती बोर्डाची होती. तिला कायद्याचं नाव होतं, अध्यक्ष होता. म्हणून शंभर वर्षं होत आली तरी चित्रपट-इतिहासाची पुस्तकं उघडून कुणालाही कळतं, की 'स्वराज्याचे तोरण'चा 'उदयकाल' का झाला. लेझीमच्या प्रसंगावर सही कुणाची आहे? कुणाचीच नाही. मंत्र्यानं मत दिलं, पुढाऱ्यानं भेट दिली, दिग्दर्शकानं निर्णय स्वतःचा म्हणून जाहीर केला. पुढच्या पिढीला याची नोंद शोधायची झाली तर वाहिन्यांच्या जुन्या बातम्यांच्या ढिगाऱ्यात हात घालावा लागेल.

पुण्यात प्रभातच्या जुन्या वास्तूपासून जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून काम करतं आहे. कोणत्याही सिनेमातून एखादा प्रसंग कुणाच्या सांगण्यावरून निघाला, तर सांगणाऱ्यानं ते लेखी द्यावं, नावासह आणि कारणासह, आणि तो कागद काढलेल्या तुकड्यासोबत तिथं जमा व्हावा. मंत्री असो, पक्षप्रमुख असो की कुठल्या घराण्याचा वंशज, कुणालाही यातून सूट नको. कारीच्या घरात कुणीतरी शकावली जपून ठेवली म्हणून महाराजांचा जन्मदिवस ठरवता आला. तोरण्याच्या पायथ्याच्या शाळेतल्या पोरानं पन्नास वर्षांनी विचारलं, की आमची लेझीम कुणी काढली, तर त्याला दाखवायला तारखेचा आणि सहीचा एक कागद हवा.